इजा नाही

हैदराबादहून विजयवाड्याच्या दिशेनं निघालं की एल. बी. नगरनंतर हयातनगर लागतं, पुढे पेद्दा अंबरपेट, आणि आउटर रिंग रोड मागे टाकला की अब्दुल्लापूरमेट. रामोजी फिल्म सिटी बघायला निघालेल्या मराठी पाहुण्यांच्या गाड्या याच रस्त्यानं जातात. मीही माहेरच्या माणसांना घेऊन कितीदा गेले असेन. ४ नोव्हेंबर २०१९ नंतर मात्र त्या गावाची पाटी दिसली की गाडीतलं माझं बोलणं थांबतं.

त्या दिवशी सोमवार होता. दुपारच्या जेवणाची वेळ. अब्दुल्लापूरमेटच्या तहसीलदार विजया रेड्डी आपल्या दालनात होत्या. जमिनीच्या कागदासाठी आलेला एक माणूस आत गेला, त्यानं त्यांच्या अंगावर पेट्रोल ओतलं आणि आग लावली. विजयाताई कार्यालयातच गेल्या. त्यांना वाचवायला धावलेले त्यांचे चालक गुरुनाथम दुसऱ्या दिवशी गेले. हल्लेखोरही भाजला होता, तो तीन दिवसांनी उस्मानिया रुग्णालयात मेला. शासकीय कार्यालय, भर दुपार, बाहेर माणसांची ये-जा, आणि पेट्रोल घेऊन आत जाणाऱ्या माणसाला दारात कोणी हटकलं नाही. दारात कोणी हटकायचं असतं, हे तिथं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

त्या वेळचा तेलंगणा आठवला पाहिजे. २०१६ मध्ये राज्याचे दहा जिल्हे होते त्याचे एकतीस झाले, कितीतरी नवी मंडलं निघाली. २०१७ च्या सप्टेंबरात जमिनीच्या नोंदी नव्यानं तपासायची मोहीम सुरू झाली आणि शेतकऱ्यांना नवी पट्टादार पासबुकं मिळू लागली. आपल्याकडे सातबाऱ्याला जी किंमत, तीच इथं पासबुकाला. २०१८ च्या मे महिन्यापासून ‘रयतु बंधू’ योजनेत एकरी चार हजार रुपये हंगामाला मिळू लागले, तेही पासबुक हातात असेल त्यालाच. ज्याच्या जमिनीवर वाद, त्याचं पासबुक अडलेलं. पैसेही अडलेले. त्यात शहराला लागून असलेल्या रंगारेड्डी जिल्ह्यात जमिनीचा भाव एकरी कोटीत. मंडल कार्यालयाच्या पायऱ्यांवर रोज माणसं ताटकळायची आणि त्या सगळ्यांचा राग सोसायला एकच खुर्ची होती. धोरण वरून आलं, कायदा वरून आला, वाद बापजाद्यांपासून चालत आलेला, पण समोर दिसायची ती तहसीलदार.

हे मी हल्लेखोराची बाजू घ्यायला सांगत नाही. त्यानं केलं त्याला क्षमा नाही. पण जिथं राग रोज येऊन बसतो, ती जागा कोणती हे कामावर ठेवणाऱ्याला ठाऊक असतं आणि ठाऊक असूनही तो तिथं एका माणसाला एकटं बसवतो, हे मला सांगायचं आहे.

त्यानंतर महसूल कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, मोर्चे निघाले. शेजारच्या आंध्रात, कर्नूल जिल्ह्यातल्या पत्तिकोंडा इथं तहसीलदारांच्या टेबलासमोर दोर बांधला गेला. अर्जदारानं दोराच्या पलीकडे थांबायचं, अर्ज लांबूनच द्यायचा. वर्तमानपत्रात तो फोटो पाहिला तेव्हा पोटात कालवलं. चार हात दोर. सरकारनं काही करण्याची वाट न बघता, भ्यालेल्या माणसांनी स्वतःपुरता केलेला तो बंदोबस्त होता. तेलंगणानं २०२० च्या सप्टेंबरात ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, म्हणजे आपल्या तलाठ्यासारखं, पदच रद्द केलं आणि २९ ऑक्टोबर २०२० ला ‘धरणी’ हे पोर्टल आणलं. पोर्टलमधल्या चुकीच्या नोंदींनी पुन्हा माणसं हेलपाटे घालू लागली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘भू भारती’ आलं. या सगळ्यात कार्यालयात बसणाऱ्या बाईच्या दाराचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

माझा या विषयाशी संबंध कामाचा आहे. काचीगुड्यात वाढलेली मी, गेली काही वर्षं हैदराबादेतल्या कंपन्यांच्या आणि रुग्णालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून जाते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती हवी, अध्यक्षपदी वरच्या हुद्द्यावरची बाई हवी, निम्म्या तरी बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरची हवी. ती बाहेरची मी. त्या कायद्याचं सोळावं कलम मला तक्रारींबद्दल अवाक्षर बोलू देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून इथं एकाही तक्रारीचं काही येणार नाही. मी लिहिणार आहे ते खोल्या, दारं, गाड्या आणि वह्या यांच्याबद्दल.

कंपनीतून फोन येतो तो साधारण जानेवारीत, वार्षिक अहवालाच्या वेळी. मॅडम, ट्रेनिंग झाल्याचं पत्र हवंय. सह्या घेतलेला हजेरीचा कागद हवाय. फलक कुठल्या मापाचा लावू? कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात मालकाची कर्तव्यं दिलेली आहेत. समितीची माहिती सगळ्यांना दिसेल अशी लावायची, कार्यशाळा घ्यायच्या, बाईला पोलिसात जायचं असेल तर मदत करायची. हे सगळं कागदावर दाखवता येतं, म्हणून सगळे तेवढंच करतात. पण त्याच कलमाचं पहिलं वाक्य मी प्रत्येक ठिकाणी दोनदा वाचून दाखवते. कामाची जागा सुरक्षित ठेवायची, आणि त्या सुरक्षिततेत कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितताही येते. म्हणजे ग्राहक, पेशंटचा नातेवाईक, माल घेऊन आलेला ड्रायव्हर, पाण्याचे जार आणणारा. कंपनीचा नोकर नसलेला माणूससुद्धा. हे ऐकल्यावर बहुतेक एचआरवाल्यांची मान वर होते.

मग मी त्यांना पँट्रीत घेऊन जाते. चहा देणारी, फरशी पुसणारी, लिफ्टजवळ बसणारी, या बायका ठेकेदाराच्या. समितीत कोण आहे हे त्यांना माहीत नसतं, फलक इंग्रजीत असतो. कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, अगदी पगाराशिवाय काम करणारीही ‘कर्मचारी’ आहे. फलक तेलुगूत, उर्दूत, हिंदीत लावायला मी सांगते आणि समितीतल्या एका बाईचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात. पन्नास हजारांच्या दंडाची भीती दाखवून जे होत नाही ते पँट्रीतल्या त्या दहा मिनिटांत होतं, हा माझा अनुभव आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांसाठी, लाड बाजारातल्या बांगड्यांच्या कारखान्यांसाठी, घरकाम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ती कुठे बसते हे किती जणींना माहीत आहे, ते लाड बाजारात उभं राहून विचारावं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणातून वर गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीवर फार कडक शब्द वापरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा म्हणून तारीख घालून दिली. कायदा लागू झाला ९ डिसेंबर २०१३ ला. अकरा वर्षांनी अधिकारी नेमायला सांगावं लागलं.

आता दारूच्या नशेतला प्रवासी, मयताचा भाऊ, पासबुक अडलेला शेतकरी, यांच्या हातून होणारी मारहाण. ती लैंगिक नाही, म्हणून माझ्या समितीपुढे येत नाही. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना एसटीचा, म्हणजे इथल्या आरटीसीचा प्रवास फुकट झाला. योजना चांगली आहे, मोलकरणींचे महिन्याचे पैसे वाचले. पण बस तुडुंब भरल्या, आणि वाहकांवर हात उचलल्याच्या बातम्या येऊ लागल्या. २०२४ च्या जानेवारीत हयातनगर डेपोच्या वाहकांना लाथा मारतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. महामंडळानं पोलिसात तक्रार केली, हे बरं केलं. गर्दी दुप्पट होणार हे योजनेच्या आदल्या दिवशीही कळत होतं, तेव्हा वाहकासाठी काय केलं, हे विचारायला हवं.

रुग्णालयांसाठी मात्र कायदा आहे, आणि जुना आहे. एकत्रित आंध्रानं २००८ मध्ये केला, तोच तेलंगणात चालू आहे. महाराष्ट्रानं २०१० मध्ये केला. मारहाणीला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई. करोनाच्या वेळी केंद्रानं २२ एप्रिल २०२० ला वटहुकूम काढून शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली. त्यामागच्या घटनांत आमचं गांधी रुग्णालयही होतं. मुशीराबादच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर २००३ मध्ये उभं राहिलेलं हे सरकारी रुग्णालय करोनाचं मुख्य केंद्र झालं होतं. १ एप्रिल २०२० ला एका मृत्यूनंतर नातेवाईकांनी डॉक्टरांवर हल्ला केला. ९ जूनच्या रात्री पुन्हा. तेव्हा कडक वटहुकूम येऊन दीड महिना झाला होता. निवासी डॉक्टर रुग्णालयासमोर रस्त्यावर बसले. त्यांच्या मागण्या ऐकल्या तर त्यांत शिक्षा वाढवा हे कमी आणि माणसं वाढवा हे जास्त होतं. एकाच इमारतीत सगळे करोना रुग्ण कोंबू नका, ते वाटून द्या. पहारा द्या. ११ सप्टेंबर २०२४ ला त्याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एका रुग्णानंच तरुण डॉक्टर मुलीवर झडप घातली. शेजारच्या कर्मचाऱ्यांनी तिला सोडवलं.

धुळ्याचं प्रकरण मराठी वाचकांना आठवत असेल. १२ मार्च २०१७. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, तिथं मेंदूचा शल्यचिकित्सक नव्हता, हाडांच्या विभागातल्या निवासी डॉक्टरानं दुसरीकडे न्यायला सांगितलं. जमावानं त्याला इतकं मारलं की एका डोळ्याला कायमची इजा झाली. महाराष्ट्रभर निवासी डॉक्टरांनी काम थांबवलं, उच्च न्यायालयात विषय गेला, नातेवाईकांना दोनच पास आणि सुरक्षा महामंडळाचे जवान असं ठरलं. ते हवंच होतं. पण तिथं मेंदूचा डॉक्टर नाही हे त्या मुलाला सांगावं लागलं, ही गोष्ट मला पासांपेक्षा मोठी वाटते. पद रिकामं ठेवणारे मुंबईत होते. नकार सांगायला पंचविशीतला मुलगा उभा होता.

खोलीचं सांगते. १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएममध्ये परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायला तळघरात गेल्या, तिथं त्यांच्यावर सफाई कामगारानं हल्ला केला. त्याच्याशी त्यांचा कामावरून आधी वाद झालेला होता. पुढची बेचाळीस वर्षं त्या केईएमच्या परिचारिकांच्या हातात होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात छत्तीस तासांच्या ड्यूटीवरची डॉक्टर टेकायला म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेली, तिथं तिचा खून झाला. पन्नास वर्षांचं अंतर, आणि दोघींनाही कडी असलेली एक खोली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २० ऑगस्टला राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्यात आमच्या हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी होते आणि मुंबईच्या जे. जे.च्या अधिष्ठाता डॉ. पल्लवी सापळे. न्यायालयानं सुचवलेली कामं वाचली तर थक्क व्हायला होतं, कारण ती इतकी साधी आहेत. वेगळी विश्रांतीची खोली, जिन्यात उजेड, कॅमेरे, रात्री दहा ते सकाळी सहा ने-आण, दर तीन महिन्यांनी तपासणी, दुःखात असलेल्या माणसाशी कसं बोलायचं याचं शिक्षण. त्याआधी चार दिवस केंद्राच्या आरोग्य संचालनालयानं लिहिलं होतं, की हल्ला झाला तर संस्थेच्या प्रमुखानं सहा तासांच्या आत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवायचा. ‘संस्थेतर्फे’ हा शब्द मोलाचा आहे. मार खाल्लेल्या मुलीनं रक्त पुसत ठाण्यात जायचं नाही, मालकानं जायचं.

याच वाटेनं आयटीतली कॅब सुधारली. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यात बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा कंपनीच्याच कॅबच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं जीव घेतला. २०१३ मध्ये इथं माधापूरला मॉलसमोरून गाडीत बसलेल्या संगणक अभियंता मुलीवर अत्याचार झाला, त्यानंतर सरकारनं पूनम मालकोंडय्या यांची समिती नेमली आणि २४ ऑक्टोबर २०१४ ला ‘शी टीम्स’ रस्त्यावर आल्या. आज हायटेक सिटीतल्या मोठ्या कंपनीची गाडी रात्री मुलीला शेवटी सोडत नाही, एकटी असेल तर सोबत पहारेकरी देते, दारात उतरल्याचा निरोप घेते. तपासलं जातं म्हणून पाळलं जातं. पण त्याच इमारतीतून रात्री अकराला सुटणाऱ्या हाउसकीपिंगच्या बायका शेअर रिक्षा शोधत उभ्या असतात. त्यांची गाडी हा प्रश्न मी प्रत्येक ऑडिटमध्ये काढते, आणि दर वेळी तो ठेकेदाराकडे ढकलला जातो. मी पुन्हा काढते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं यातली एक गोष्ट फार नीट केली आहे. २०१० मध्ये नापा इथल्या सरकारी मनोरुग्णालयात डॉना ग्रॉस या कर्मचारी बाईंना एका रुग्णानं ठार मारलं. त्यातून आधी रुग्णालयांसाठी नियम आले. २०२१ च्या मे महिन्यात सॅन होजेच्या रेल्वे यार्डात एका कर्मचाऱ्यानं सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि १ जुलै २०२४ पासून जवळजवळ सगळ्या मालकांना हिंसा रोखण्याचा लेखी आराखडा, दर वर्षी शिक्षण आणि घटनांची नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं. वही पाच वर्षं जपायची. तिच्यात नावं लिहायची नाहीत. आणि नुसती धमकीसुद्धा लिहायची, कोणाला लागलेलं नसलं तरी. बाहेरचा चोर, समोरचा ग्राहक, सोबतचा कर्मचारी, की घरातलं भांडण घेऊन कामावर आलेला नवरा, हेही नोंदवायचं, कारण चारही वेळा करायचं काम वेगळं. चोरासाठी कुलूप लागतं, नवऱ्यासाठी दारावरच्या माणसाकडे फोटो लागतो.

आपल्याकडे असं सगळ्यांना लागू होणारं काही नाही. पण वही ठेवायला कायदा कशाला हवा? मी ज्या ज्या ठिकाणी जाते तिथं दोनशे पानी वही आणायला सांगते. तारीख, वेळ, जागा, काय झालं, लागलं का, का झालं असावं, पुढे काय केलं. पहिले दोन महिने ती कोरी राहते. कोणी शिव्या दिल्या, कॉलर धरली, ‘बाहेर ये, बघतो’ म्हणालं, तर आपल्याकडची माणसं ते गिळतात. कामाचाच भाग म्हणतात. मग एखादी लिहिते, तिला कोणी बोलत नाही, तेव्हा दुसरी लिहिते. सहा महिन्यांनी वही चाळली की एकच खिडकी, एकच वेळ, एकच कारण पुनःपुन्हा दिसू लागतं. ती खिडकी कुठली हे समजलं की मग पहारा कुठे लावायचा आणि मुळात काय दुरुस्त करायचं ते मालकाला दाखवता येतं.

गेल्या वर्षी देगलूरहून मामांना रात्री आणलं. पोटात रक्तस्राव. नांदेड, देगलूर, बिदरकडची माणसं अजून हैदराबादलाच धावतात, निजामाच्या राज्यापासूनची ती सवय. रुग्णालय खासगी, माझ्या कामाच्या यादीतलं. मामांना आत नेलं आणि दार लागलं. एक तास, दोन तास, अडीच तास. कोणी काही सांगेना. मामी भिंतीला टेकून विठ्ठलाचं नाव घेत होत्या. मामेभाऊ काउंटरपर्यंत जायचा आणि परत यायचा, जायचा आणि परत यायचा, दर खेपेला त्याचा आवाज चढत होता. त्याला आवरायला म्हणून मी उठले, आणि काउंटरवर हात आपटून ओरडले ती मीच. इतकी वर्षं हेच शिकवत आलेली मी. त्या क्षणी मला समोरची मुलगी दिसत नव्हती, फक्त ते बंद दार दिसत होतं.

आतून एक सिस्टर आली. वयानं लहान, बुरख्यावरून घातलेला पांढरा कोट. म्हणाली, “अम्मा, स्कोप चल रहा. आधे घंटे में मैंच आके बोलती.” हैदराबादी बोलीतला तो ‘च’ आपलाच आहे, मराठीतून तिकडे गेलेला. अर्ध्या तासानं ती आली, आणि अजून काही कळलं नाही एवढंच सांगून गेली. पुन्हा अर्ध्या तासानं आली. भाऊ बाकावर बसला. पहाटे रक्त थांबलं.

दोन महिन्यांनी मामांना तपासणीला घेऊन गेले तेव्हा परिचारिका प्रमुखांकडे जाऊन त्या रात्रीचं पान मागितलं. वही मीच ठेवायला लावलेली. इंग्रजीत लिहिलं होतं: रात्री १.४०, तातडीचा विभाग, काउंटर. स्त्री नातेवाईक, मोठा आवाज, टेबलावर हात आपटला. इजा नाही. कारणाच्या रकान्यात: अडीच तास कुटुंबाला काही सांगितलं नव्हतं. शेवटच्या रकान्यात वेगळ्या शाईनं, नंतर कधीतरी भरलेलं: दर अर्ध्या तासाला एकीनं बाहेर जाऊन सांगायचं, बातमी नसली तरी.

मी वही मिटून बाहेर आले. मामा बाकावर सीताफळांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी एक कुटुंब होतं, कोणाला तरी आत नेलेलं, सगळ्यांचे डोळे दाराकडे. थोड्या वेळानं दार उघडलं, एक मुलगी चौकटीत उभी राहिली आणि तिनं विचारलं, जहीराबादवाले कोण?